दिवसाउजेडी अंघोळ

पंचफुलानं पहार डोक्यावर उचलली आणि न्हाणीच्या भिंतीवर अशी घातली, की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. अंगणात बसलेली सासू, धुरपताबाई, दोन्ही कानांवर हात ठेवून शिव्या देत होती आणि पंचफुला घाव घालीत होती. पाहणाऱ्याला वाटावं, बाई न्हाणी पाडत नाही, कुणाचा तरी मुडदा पाडतेय.

तशी ती न्हाणी तरी काय होती? लातूरच्या भीमनगरात, सासरच्या सामायिक अंगणाच्या कोपऱ्यात कमरेइतक्या तीन मातीच्या भिंती, मध्ये बसायला एक दगड आणि चौथ्या बाजूला आडोशाला तुराट्यांचा ताटवा. ओळीनं दोन वर्षं पाऊस नव्हता. तूरच आली नाही, तर तुराट्या कुठून येणार? होता तो जुना ताटवा सासूनं एकेक काडी ओढून चुलीत घातला. मग पंचफुलानं फाटकं लुगडं बांधलं. पण वारा आला की त्या पडद्याचा काही भरवसा राहायचा नाही. भलत्या वेळी उघडायचा.

म्हणून ती अंधारात अंघोळ करायची. कोंबडा आरवायच्या आधी चार तांबे अंगावर घ्यायचे, ओल्या लुगड्यावर कोरडं गुंडाळायचं आणि घरात पळायचं. लग्न झाल्यापासून असंच. एकदा एक जण विडी ओढत भिंतीशी रेंगाळला होता. तिनं पितळेचा तांब्या नेम धरून हाणला. त्याच्या कपाळाला खोक पडली आणि वस्तीत नाव झालं, "लिंबाजीची बाई मारकी हाय." तिनं ते नाव दागिन्यासारखं मिरवलं.

तिचं माहेर अर्धापूरचं. तिथं बाप दुसऱ्याच्या केळीच्या बागेत राबायचा. बागेतून पाट खळखळत जायचा. पोरी भर दुपारी पाटात बसायच्या. केळीची पानं एवढी दाट, की सूर्यालाही डोकवायचं तर वाकून यावं लागे. त्या हिरव्या उजेडातून ती लातूरच्या उन्हात आली. नवरा लिंबाजी ट्रकवर क्लीनर होता. बिलोलीकडं वाळू भरायला गेला आणि ट्रक मागं घेताना त्याच्याच चाकाखाली सापडला. घरी आणला तेव्हा लोकांनी तिला तोंडही पाहू दिलं नाही. सगळ्यांना हिसडे देऊन तिनं चादर ओढली आणि पाहिलं. त्यानंतर तिला कशाची भीती वाटली नाही.

लातूर जिल्हा झाला, तसे नवे साहेब आले. एका साहेबाच्या बंगल्यावर पंचफुलाला धुण्याभांड्याचं काम लागलं. तिथं तिनं पाहिलं, साहेबाची बायको सकाळी दहाला न्हाणीत जाते, आतून कडी घालते आणि मोठ्यानं गाते. वरच्या झडपेतून ऊन आत येतं. पाणी फरशीवरून सुळकन एका जाळीत जातं, पुन्हा दिसत नाही. पंचफुला ती फरशी घासायची आणि मनात एकच गोष्ट घोळवायची. मरायच्या आधी आपणही एकदा दिवसाउजेडी, दार लावून अंगावर पाणी घ्यायचं.

पैसा नव्हता, पण पाडापाडीला तोटा नव्हता. जिल्ह्याचं गाव म्हणून रस्ते रुंद करणं चाललं होतं आणि रस्त्याकडेची घरं धडाधड कोसळत होती. पंचफुला कामावरून येताना त्या ढिगाऱ्यांत घुसायची. कधी दगड, कधी तुकडा पडलेली शहाबादी फरशी, कधी अर्धा पत्रा. एका दुकानाच्या दारासाठी तिची एका भंगारवाल्याशी झोंबाझोंबी झाली. त्यानं तिचा अंबाडा धरला, तिनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दार तिनंच डोक्यावरून आणलं. फरशी उतरवताना पायाचा अंगठा चेचला, नख निघून आलं. तिनं त्यावर हळद दाबली आणि पुन्हा गेली.

सामान जमलं तशी तिनं जुनी न्हाणी पाडली आणि नवी बांधायला मलप्पा वडार आला, उदगीरकडचा. दुष्काळात त्यालाही कुठं काम नव्हतं. दोन वेळच्या भाकरीवर आणि जमेल तेव्हा जमेल ते देण्यावर तो राजी झाला. भिंती पुरुषभर उंच गेल्या, वर पत्रा पडला, पत्र्याखाली उजेडाला जागा राहिली. फरशी बसवायच्या वेळी त्यानं हात थांबवला.

"अक्का, ढाळ कुणीकडं देऊ? पाणी कुठं सोडायचं?"

पंचफुलाच्या डोळ्यांपुढं साहेबाची जाळी होती. तिनं बाहेरच्या नव्या सरकारी गटारीकडं बोट केलं. मलप्पानं अंगणात एक नजर टाकली आणि पुन्हा विचारलं. ती खेकसली, "सांगितलं न्हाई का एकदा?" त्यानं ढाळ गटारीकडं दिला.

आता अंगणात काय होतं, ते सांगायला हवं. न्हाणीच्या मागं, तिचा धाकटा दीर मारोती याच्या दारात, एक लिंबाचं झाड होतं. मारोती अडत बाजारात हमाली करायचा. पोत्याखाली त्याची कंबर धरली आणि दुष्काळानं बाजारात पोतीही येईनात. पण कचेरीभोवती सरबताच्या गाड्या लागल्या होत्या, आणि आजूबाजूला सगळं करपलेलं असताना त्याच्या झाडाला लिंबं धरत होती. कारण न्हाणीचं सांडपाणी चर काढून त्या झाडाला नेलेलं होतं. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा अंगणात रेघ मारली. न्हाणी थोरल्याची, सांडपाणी धाकट्याचं, असं पंचांसमोर ठरलं होतं. त्या भागात सांडपाण्याचीही वाटणी होते. पंचफुलाला हे माहीत नव्हतं असं नाही. बंगल्याच्या जाळीपुढं ते तिच्या डोक्यातून निघून गेलं, एवढंच. मारोती तेव्हा काम मिळेल म्हणून नांदेडला गेला होता.

रीतीप्रमाणं नव्या न्हाणीत पहिला मान सासूचा. मग आठवडाभर तिथं धुणं झालं, भांडी झाली, सगळं पाणी ऐटीत गटारीला गेलं. पंचफुला सुट्टीच्या दिवसाची वाट पाहत राहिली. तो दिवस उजाडला, त्या सकाळी टँकरवर हाणामारी झाली. घागरीवर घागर आदळली, एकीचं डोकं फुटलं, पंचफुलाची चोळी खांद्यावर टरकली. पण तिनं दोन घागरी भरून आणल्या. मोठं पातेलं चुलीवर चढवलं. भर उन्हाळ्यात ऊन पाणी कशाला, असं सासूनं विचारलं. पंचफुलानं जाळ आणखी पुढं सारला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती पातेलं घेऊन नेसत्या लुगड्यानिशी आत गेली आणि कडी घातली.

नेमका त्याच वेळी मारोती नांदेडहून आला, हात हलवत. दारात त्याला लिंबाखाली गळालेल्या लिंबांचा सडा दिसला. पानं मुडपून काळवंडली होती. चर कोरडा ठक्क, आणि गटारीच्या तोंडाशी ओल. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यातली पहार उचलली.

आत पंचफुलानं उकळत्या पाण्यात अजून गार पाण्याचं विसणही घातलं नव्हतं. भिंतीतून धाडकन आवाज आला, चुन्याचा धुरळा तिच्या डोळ्यांत गेला. दुसऱ्या घावाला दगड आत आला आणि तिच्या मांडीवर बसला. तिसऱ्याला भिंत कोसळली आणि ज्या उजेडासाठी ती इतकी वर्षं थांबली होती तो सगळाच्या सगळा एकदम अंगावर आला. त्या उजेडात पहार घेतलेला मारोती उभा. तिनं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी त्याच्यावर फेकलं.

तो गुरासारखा ओरडला. डाव्या हाताची कातडी दंडापासून सोलून निघाली. तसाच तो पुढं आला आणि पहार आडवी तिच्या हातावर घातली. मनगट मोडल्याचा आवाज अंगणाच्या पलीकडं ऐकू गेला. ती पडली नाही. उजवा हात लोंबत असताना डाव्यानं तिनं त्याचा गळा धरला. शेवटी धुरपताबाई काठी घेऊन मध्ये शिरली आणि पोटचा म्हणाली नाही, सून म्हणाली नाही, दोघांच्या डोक्यांत सारखीच काठी घालत राहिली. वस्ती गोळा झाली. नव्या जिल्ह्याचं नवं ठाणं जवळच होतं. बोलवा पोलीस, म्हणून दोघं-तिघं निघालेही.

मारोती खाली बसला. त्याचा आवाज उतरला होता.

"वैनी, माझं झाड मारायलीस तू. दोन दिवस नांदेडात उपाशी होतो. म्हटलं घरी लिंबं तरी हायती."

पंचफुलानं वळून पाहिलं. आधी झाडाकडं, मग आपल्या फरशीकडं. इतक्या हौसेनं बसवलेली ती फरशी आपली सांडलेल्या पाण्याचा शेवटचा ओघळ गटारीकडं नेत होती.  

"कुणी ठाण्यात जायचं न्हाई," ती म्हणाली. मग दिराला, "भिंत तू पाडलीस, तू बांध. फरशी मी फोडते."

"हात मोडलाय तुझा."

"मग? दुसरा हाय की."

आणि मनगटाला कामट्या बांधायच्या आधी तिनं डाव्या हातानं पहार धरली आणि मधोमध घातली. साहेबाच्या बंगल्यासारखी फरशी टवके उडवत फुटली. चेहरा पांढरा पडला होता, ओठ चावून रक्त आलं होतं. पण शेवटची फरशी निघेपर्यंत तिनं पहार खाली ठेवली नाही.

पुढचे काही दिवस भीमनगरानं असला खेळ पाहिला, की लोक कामं सोडून बघायला यायचे. एकाचा डावा हात फडक्यात, एकीचा उजवा झोळीत. दोघं मिळून एक गवंडी. फुटक्या फरशीचे तुकडे बसवताना झाडाकडं ढाळ दाखवायला मलप्पा नुसता उभा. मारोती दगड धरायचा, पंचफुला चुना थापायची आणि दोघं अखंड एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायचे. एकदा दगड वाकडा बसला म्हणून तिनं थापी फेकून मारली. त्यानं चुकवली आणि चुन्याचं घमेलंच लाथाडलं. मग सांडलेला चुना दोघांनी मिळून भरला. माफी कुणी मागितली नाही. त्या घरात ती पद्धतच नव्हती.

झाडाची एक बाजू गेली ती गेलीच. दुसरी तगली.

पंचफुलानं हाताच्या कामट्या सुटल्यावर, भर दुपारी, पुन्हा आत जाऊन कडी घातली. या वेळी विसण आधी घातलं. पत्र्याखालून ऊन तिरपं उतरलं होतं. पहिला तांब्या घेतला, आणि स्वतःचं अंग तिनं उजेडात पाहिलं. मनगट वाकडं जुळलेलं. मांडीवर दगडाचा डाग, अजून काळपट. दंडावर टँकरवरच्या नखांचे ओरखडे, पाठीमागं हात नेला तर कसलासा जुना वण, तो कधीचा हे तिलाही आठवेना. अंधारात नुसतं धुतलं होतं. पाहिलं कधी नव्हतं. तिनं एकेका खुणेवरून सावकाश बोट फिरवलं.

फरशीवरून पाणी मागं झाडाकडं निघालं. पलीकडं चराशी खोरं घेऊन बसलेला मारोती कंटाळला होता.

"वैनी, किती येळ? जरा पाणी वत की."

"गप बस, भावजी," ती आतून म्हणाली, आणि दुसरा तांब्या बुडवला.