आमच्या पुढे चाललेला नारळ

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसतोय. पेशानं मी सॉफ्टवेअर टेस्टर. कुणी ‘असं झालं’ म्हटलं की ‘परत करून दाखव’ म्हणायचं, यावर माझं पोट चालतं. पुण्यात असताना मुद्दाम अमावास्येला घर बदललेला माणूस आहे मी. पण एक गोष्ट माझ्याच बाबतीत घडली आणि इतकी वर्षं झाली तरी तिचा छडा लागत नाही... म्हणून लिहायला बसलोय.

२००६ चा फेब्रुवारी. मी आणि माझी बायको मृणाल तेव्हा न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये राहायचो. आमचं ठरलं होतं मेक्सिको. दोन आठवडे — जमिनीखालच्या पाण्याच्या गुहांत पोहायचं आणि एका गावात राहून मातीकाम शिकायचं. गुहा माझ्या, माती तिची. मृणाल चित्रं काढते आणि मला कुठून तरी उडी मारायची असते, त्यामुळे आमच्या सुट्ट्यांचा नियमच होता, रोज एक धाडस माझ्यासाठी आणि रोज एक चित्र तिच्यासाठी. पण अर्ज करायला मी उशीर केला आणि व्हिसा वेळेत आला नाही. मृणालनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, रजा मंजूर आहे ना, मग मेक्सिको गेलं खड्ड्यात, आपण साउथ आयलंडला जाऊ. नियम तोच.

आणि काय सुट्टी झाली हो ती! फेरीबोटीनं पिक्टनला उतरलो आणि गाडी नेल्सनच्या दिशेनं सोडली. पहिल्या दिवशी मी विमानातून उडी मारली. तिनं गवतात बसून माझं पडतानाचं चित्र काढलं, त्यात मी मोहरीएवढा. दुसऱ्या दिवशी एका बाईंकडे कुंभाराच्या चाकावर बसलो. माझा वाडगा इतका वाकडा झाला की मृणालला हसून हसून ठसका लागला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण आम्ही कॉलेजातल्या पोरांसारखे हुंदडत होतो.

तिसऱ्या दिवशी एबल टास्मनच्या किनाऱ्यावर कायाकिंग. सोनेरी वाळूचे छोटे छोटे बे, मधे खडक, वर दाट झाडी. आमची कायाक दोघांची होती — लांब, अरुंद होडी. पुढचा माणूस वल्हवण्याची लय धरतो आणि मागचा पायानं सुकाणू फिरवतो. मृणाल पुढे, मी मागे. इथे गमतीनं या होडीला डिव्होर्स बोट म्हणतात, ते का हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

निघण्याआधी मृणालनं पिशवीतून नारळ काढला. तिचं माहेर श्रीवर्धनचं. समुद्रात शिरायचं तर आधी नारळ वाहायचा, हे तिच्या रक्तातच आहे. वेलिंग्टनच्या इंडियन दुकानातून शेंडीवाला नारळ शोधून, टॉग्जमध्ये, म्हणजे पोहायच्या कपड्यांत गुंडाळून तिनं तो इथवर आणला होता. त्याला हळदकुंकू लावलं. आमचा गाईड क्रेग, पन्नाशीचा शांत माणूस, हे सगळं बघत होता आणि मी शरमेनं अर्धा झालो. म्हटलं, अगं, कचरा टाकला म्हणून ओरडतील. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ सोडला, हात जोडले. क्रेग नुसता ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम मस्त’. नारळ डुलत डुलत दूर गेला, तेव्हा मी खवचटपणे म्हणालो की आता हा आपल्याआधी मेक्सिकोला पोचणार.

दुपारी परत फिरताना एका खडकावर सील पहुडलेले दिसले. मृणालचं त्या दिवसाचं चित्र राहिलं होतं. बाकीच्या तीन होड्या पुढे जात होत्या. मी क्रेगला ओरडून सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही पाच मिनिटांत आलोच. तो बिचारा घड्याळातली पाच मिनिटं समजला. आपली पाच मिनिटं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. मृणालनं मांडीवर कागद घेतला, ब्रश समुद्रातच बुडवला आणि आम्ही दोघंही त्या सीलांत रमलो.

मान वर केली तर डोंगर नव्हता. पांढरं धुकं सगळीकडून उतरलं होतं. बघता बघता खडकही गेला.

ओहोटी लागली होती आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे नुसते बसून राहिलो तरी बाहेरच्या बाहेर ओढले जाणार. फोनला रेंज नाही. शिट्टी वाजवली, उत्तर नाही. मला वाटलं किनारा डावीकडे, म्हणून तिकडे वल्हवत सुटलो, पण लाटा मोठ्याच व्हायला लागल्या. मृणालचे खांदे थरथरताना मला मागून दिसत होते. हिला इथे आपण आणलं आणि आता हिला परत कसं न्यायचं ते आपल्याला कळत नाहीये, एवढा एकच विचार डोक्यात. मी घाबरलो होतो. चांगलाच घाबरलो होतो.

तेवढ्यात होडीच्या पुढे, दहा-बारा हातांवर... नारळ. शेंडी वर, कुंकू तसंच लाल. आणि तो उजवीकडे चालला होता.

“मृणाल, नारळाच्या मागे. जोरात मार, थांबू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली.

मी सुकाणू उजवीकडे फिरवलं. नारळ अंतर राखून पुढे, आम्ही मागे. एकदा मृणाल दमून थांबली तर तोही जागच्या जागी डुलत राहिला. मग माझी भीती कुठे पळाली कोण जाणे, मला चक्क मजा यायला लागली. एक-दोन, एक-दोन असं मी ढोलपथकाच्या थाटात ओरडत होतो. अर्ध्या तासानं होडीखाली वाळू खरखरली. किनाऱ्यावरून क्रेग रेडिओ हातात धरून पळत येत होता. मी वळून बघितलं तर पाण्यावर काहीच नव्हतं. नंतर क्रेगनं नकाशावर दाखवलं, आम्ही डावीकडेच जात राहिलो असतो तर पुढे नुसता उघडा समुद्र होता.

घरी आल्यावर मी काय नाही केलं? भरती-ओहोटीचे तक्ते काढले, त्या दुपारचा वारा तपासला, आलेख काढले. नारळ ओहोटी आणि वारा दोन्हींच्या विरुद्ध गेला होता. तेही अर्धा तास, वल्हवणाऱ्या माणसांच्या वेगानं. शेवटी दोन नारळ घेऊन वेलिंग्टनमधल्याच आयलंड बेच्या किनाऱ्यावर गेलो आणि पाण्यात सोडून पाहिले. दोन्ही मुकाट्यानं वारा नेईल तिकडे गेले.

पुढची दोन वर्षं मी ही गोष्ट प्रत्येक पॉटलकला, म्हणजे एकेक पदार्थ घेऊन जमायच्या जेवणाला, रंगवून सांगितली. मृणाल शेजारी बसून गालातल्या गालात हसायची. मग एकदा एका मैत्रिणीनं तिला विचारलं की तू तर पुढे बसली होतीस, जवळून कसा दिसत होता गं तो? मृणाल उठून भात वाढायला गेली. मला ते खटकलं. घरी आल्यावर मी विचारलंच.

“मला नाही दिसला,” ती म्हणाली. “पुढे नुसतं पांढरं होतं, नितीन.”

मग तेव्हा बोलली का नाहीस, म्हटलं.

“तोपर्यंत तू रडवेला झाला होतास. नारळ म्हणालास आणि तुझा आवाज एकदम ठाम झाला. म्हटलं, ह्याला दिसतोय ना, बास. मी वल्हवत राहिले.”

आता सांगा, काय म्हणायचं याला? भास म्हणावा तर त्या भासाला किनारा कसा ठाऊक? खरा नारळ म्हणावा तर माझ्या पुढे बसलेल्या, तो स्वतःच्या हातानं वाहणाऱ्या बाईला तो का दिसू नये? मला आजही उत्तर सापडलेलं नाही, आणि उगाच कुणी बनवून सांगू नये. मला एवढंच माहीत आहे की त्या वेळी तिनं ‘कुठे आहे नारळ?’ असं नुसतं विचारलं असतं, तर मी पुन्हा डावीकडे वळलो असतो.