चौदा घमेली

बोक-दानवहिनींचा उजवा खांदा उन्हाळ्यात निकामी झाला. डॉक्टरांनी सांगितलं, फावडं उचलायचं नाही. घरात दुसरं कोणी नाही आणि गोठ्यात चौदा गाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तो माझा थोरला दोस्त. तेव्हापासून त्या एकट्याच सिमेंटच्या फरशीवर पेंढा, कोंडा आणि पेंड कालवायच्या. सकाळी दीड तास, संध्याकाळी दीड तास. कालवताना एकेका गाईला नावानं शिव्या द्यायच्या. आमच्या वाडीत माणसं उरलीत अकरा. शिव्या ऐकून घेणाऱ्या त्या गाईच.

इंचन शहरातून त्यांच्या मुलाचा फोन आला, गाई विकून टाक. वहिनींनी मला बोलावलं.

"भावजी, चारा मिसळायचा मिक्सर बघायला चला. तुम्हाला लोखंड कळतं."

चाळीस वर्षं मी हीच यंत्रं दुरुस्त केली. माझ्या टेम्पोत त्यांनी माझ्याकडून एका वेळचा चारा भरून घेतला आणि आम्ही जांगहुंगला गेलो.

यंत्रांच्या दुकानातल्या पिल-जेनं सगळ्यात मोठं यंत्र पुढं केलं. "हे घ्या, आजी. पन्नास गाईंचा चारा एका दमात."

"माझ्या चौदा. बाकीच्या छत्तीस तू देणार?"

"वाढतील की पुढं."

"माझं वय बघ आणि मग बोल."

मी म्हणालो, मिक्सर निम्मा तरी भरावा लागतो. कमी चाऱ्यात पाती नुसती फिरतात, मिसळत काही नाही. पिल-जे म्हणाला, मिसळतं.

"भांडू नका," वहिनी म्हणाल्या. "चौदा घमेली आण."

त्यांनी पिशवीतून काळं सोयाबीन काढलं. दोनशे ऐंशी दाणे, घरून मोजून आणलेले. यंत्रात भरलेल्या चाऱ्यावर एका जागी टाकले, यंत्र फिरवलं, मग बाहेर पडणारा चारा ओळीनं चौदा घमेल्यांत घेतला. चारा नीट मिसळला तर प्रत्येकात वीसच्या आसपास दाणे हवेत. पहिल्या तीन घमेल्यांतच दीडशेच्या वर निघाले. चौदाव्यात दोन.

"हे लंगडीचं," त्या म्हणाल्या. लंगडी गाय रांगेत शेवटी उभी राहते, बाकीच्या तिला पुढं येऊ देत नाहीत.

कोपऱ्यात एक छोटं, विजेवर चालणारं जुनं यंत्र होतं. पाती बोथट, साखळी कोरडी. मी तासभर पाती घासली, साखळीला तेल घातलं. त्यांनी डाव्या हातानं दाणे वेचून पुन्हा टाकले. या वेळी कमीत कमी सोळा, जास्तीत जास्त चोवीस. चौदावं घमेलं त्यांनी दोनदा मोजलं. एकोणीस.

"हेच."

"आजी, एवढी पारख तर माझ्या सासूनंही केली नव्हती."

"म्हणून तर तू गळ्यात पडलास तिच्या."

यंत्र मी बसवून दिलं. दीड तासाचं काम वीस मिनिटांवर आलं. बटण डाव्या हाताशी, चारा गाडीत पडतो, गाडी ढकलली की झालं. मुलाचा गाई विकण्याचा विषय संपला.

थंडीत एकदा मी विचारलं, "कसं चाललंय?"

"लंगडी अंगानं भरली."

"मग?"

"आधी माझ्या बुटांचा आवाज आला की सगळ्या उठायच्या. आता मोटर लागली की उठतात. मी मधून चालत गेले तरी कान हलवत नाहीत."

यंत्रात दोष नव्हता.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी तीनलाच मोटर ऐकू आली. चारा पाचला असतो. बटण अडकलं असेल म्हणून पाना घेऊन गेलो. यंत्र रिकामंच फिरत होतं. चौदाही तोंडं कठड्यावरून बाहेर आलेली. वहिनी त्यांच्यासमोर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत होत्या. मोटरच्या आवाजात शब्द कळत नव्हते, ओठ हलताना दिसत होते. लंगडीपाशी जरा जास्त थांबल्या.

"रिकामं चालवू नका, वहिनी," मी ओरडलो. "साखळी झिजते."

"पाचच मिनिटं, भावजी."

मी दाराशी थांबलो. दहा झाली. मोटर बंद झाल्यावर आत गेलो आणि साखळीला तेल घातलं.