मार्गीन कोलचा पूल

तामो स्मेडिंगने आयुष्यात एकदाच अख्ख्या गावाला खूश केलं होतं, आणि तेही चुकून.

ओडेवेनमध्ये खूश होण्याची रीत मुळातच बेताची. जमीन सपाट, कालवे सरळ, माणसंही तशीच. लग्नाचं जेवण झकास होवो, पोरीला नोकरी लागो की म्हातारा शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर येवो, इथला माणूस फार तर एवढंच म्हणतो, "याहून वाईट झालं असतं." ही इथली सर्वोच्च वाहवा. तामोने तेवीस वर्षं बटाट्याच्या पिठाच्या कारखान्यात नमुने तपासले, तेवढ्या काळात ती त्याला दोनदा मिळाली. कारखाना बंद पडल्यावर त्याने सरकारी खर्चाने संगणकाचा वर्ग केला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी गावच्या दफ्तरखान्यात लागला. तिथे त्याच्याशिवाय दोन माणसं आणि एक कॉफीचं यंत्र होतं. यंत्र जास्त बोलायचं.

दफ्तरखान्याचं खरं धन म्हणजे कालव्याच्या दरवाज्यावरच्या वह्या. दीडशे वर्षांपूर्वी दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती भरलेल्या होड्या या कालव्यातून जात. दरवाजा उघडण्याआधी तिथला राखणदार प्रत्येक होडीची नोंद करी: होडीचं नाव, माल, आणि होडीवरची झाडून सगळी माणसं. प्रत्येकापुढे तीन रकाने, बाई की पुरुष, वय आणि काम. अशा एकेचाळीस हजार नोंदी. गावातल्या निवृत्त मास्तरांनी सहा वर्षं बसून त्या संगणकात उतरवल्या, आणि त्यात शोध घेण्याची सोय तामोने केली. शोधयंत्र फुकटात मिळालं होतं. ते कसं बसवायचं याचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि तामोने ते जवळजवळ सगळं वाचलं होतं.

सोय चालू झाली त्याच आठवड्यात नगरसेविका आफ्के दफ्तरखान्यात आली. आफ्के तामोच्याच वर्गातली, शाळेत असल्यापासून काही ना काही ठरवत आलेली.

"तामो, नवा पूल होतोय. नाव बाईचं द्यायचंय. आपल्याकडे होडी चालवणारी एखादी बाई होती का रे? तांडेलीण?"

तामोने यंत्राला विचारलं: माणसांत बाई, आणि काम तांडेल. यंत्राने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर दिलं. नऊ हजार चारशे बारा नोंदी.

"बाप रे," आफ्के म्हणाली.

तामोलाही आकडा जरा फुगलेला वाटला होता. पण आफ्केचे डोळे असे चमकले की त्याला तोंड उघडायला अवघड झालं, आणि तोंड न उघडणं हा तर त्याचा स्वभावच. पुढच्या आठवड्यात पेपरात अर्धं पान आलं: ओडेवेनच्या बायका होड्या हाकत होत्या, तेव्हा बाकीच्या युरोपातल्या बायका काय करत होत्या? पत्रक छापलं गेलं. पुलासाठी यादीतली पहिलीच बाई निवडली, मार्गीन कोल, कारण तिची पणती वीप्केबाई अजून गावात होत्या. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पाटीवरचा पडदा त्यांनीच ओढायचा असं ठरलं. त्यांनी त्यासाठी नवा कोट घेतला, गडद निळा. पाटीही आली, निळ्या मिन्याची, पांढऱ्या अक्षरांची: मार्गीन कोल पूल. आणि बेकरीच्या रांगेत एक जण तामोला म्हणाला, "तुझं ते यंत्र... याहून वाईट झालं असतं."

तामो त्या दिवशी घरी शीळ घालत आला. बायको रूल्फीनने त्याला ताप आहे का, ते पाहिलं.

समारंभाला दहा दिवस उरले होते. दफ्तरखान्यात एक पाहुणा आला. बाहेरगावचा, जुन्या होड्यांचा नादी, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्याला सर्वांत लहान वयाचा तांडेल हवा होता. तामोने यंत्राला विचारलं: काम तांडेल, वय कमीत कमी.

यंत्राने होडी दाखवली. तांडेलाचं वय अकरा महिने.

पाहुण्याने पडद्याकडे पाहिलं, मग तामोकडे. "गुणी पोर असणार," तो म्हणाला.

तामोने ती नोंद उघडली. होडीवर चार माणसं. बाप, तांडेल, वय चौतीस. आई. एक मुलगी. आणि एक तान्हं बाळ, वय अकरा महिने. त्याने मार्गीन कोलची नोंद उघडली. आजवर ती कोणी उघडलीच नव्हती, त्याने स्वतःसुद्धा. बेरेंड, तांडेल. मार्गीन, बाई, वय एकोणतीस. होडीवर एक बाई होती आणि एक तांडेल होता. यंत्राला तेवढं पुरलं होतं.

पुस्तकातलं जे पान त्याने वाचलं नव्हतं, ते त्याने त्या दुपारी वाचलं. तिथे सगळं ठळक अक्षरांत होतं. वेगळं काही सांगितलं नाही, तर हे यंत्र एका नोंदीतली सगळी माणसं मोडून ठेवतं. सगळी नावं एका ठिकाणी, सगळी वयं दुसऱ्या, सगळी कामं तिसऱ्या. कोणतं काम कोणाचं, ते मात्र जपत नाही.

संध्याकाळी त्याने रूल्फीनला सांगितलं. ती शाळेची बस चालवत असे आणि दिवसभर चाळीस पोरांना गप्प बसवून आल्यामुळे तिला स्वतःला गप्प बसायचा कंटाळा यायचा.

"म्हणजे तू घर बदलताना केलंस तसंच," ती म्हणाली. "सगळ्या कपाटांची दारं एका गठ्ठ्यात, सगळ्या मुठी एका पिशवीत, सगळे स्क्रू बरणीत. आणि मग कोणती मूठ कुठल्या दाराची? बघ की, अजून बघ!"

तामोने स्वयंपाकघराकडे पाहिलं. सोळा वर्षं झाली होती. कपबशांच्या कपाटाला अजून न्हाणीघरातल्या कपाटाची मूठ होती.

"आता काय करणार आहेस?"

"दुरुस्त करणार."

"यंत्राचं नाही विचारत मी," रूल्फीन म्हणाली.

यंत्राचं त्या मानाने सोपं होतं. माणसांचा रकाना 'नेस्टेड' आहे, असं आधीच सांगायचं. म्हणजे यंत्र होडीच्या पोटात प्रत्येक माणसाचं छोटं वेगळं पाकीट करतं आणि त्याचं नाव, वय, काम एकत्र ठेवतं. पण एकदा भरलेल्या रकान्याची जात बदलता येत नाही. नवा साठा मांडून एकेचाळीस हजार नोंदी पुन्हा पहिल्यापासून भराव्या लागतात. तामोने तो मांडला, भरला आणि जुनाच प्रश्न विचारला: बाई, तांडेल.

शून्य.

तो तासभर तसाच बसून राहिला. नऊ हजारांवरून शून्य. आफ्केला काय सांगायचं? पेपरवाल्यांना? वीप्केबाईंना? गावात एकही तांडेलीण नव्हती, आणि अर्धं पान छापून झालं होतं. त्याला पिठाच्या कारखान्याची आठवण आली. तिथे नमुना बिघडला तर फेकून देत.

मग कॉफी पिताना त्याच्या ध्यानात आलं. पाकिटं केली, पण प्रश्न तर तो बाहेरूनच विचारत होता. पाकिटात काय आहे ते हवं असेल तर पाकिटात शिर असं प्रश्नातही सांगावं लागतं, नाहीतर यंत्र नुसतं होडीभोवती फिरून येतं. त्याने प्रश्न पुन्हा लिहिला: माणसांच्या आत जा, एकाच माणसापुढे दोन्ही गोष्टी बघ, आणि कोण सापडलं तेही दाखव.

एक.

त्रीन पोट्स. बाई. वय एकसष्ट. तांडेल. साल १८८८. माल बटाटे. होडीवर दुसरं माणूस नाही. शेऱ्यात राखणदाराने लिहिलं होतं: कुत्रा, एक.

ती आधीच्या यादीतही होती, नऊ हजार तीनशेव्या जागेच्या आसपास. यादी सालवार होती आणि पहिल्या पानापुढे कोणी गेलंच नव्हतं.

आफ्केने सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीतून नव्या पुलाकडे पाहिलं.

"पाटी झालीय रे. मिन्याची."

"माहितेय."

"दुसरी करायला सहा आठवडे लागतात. पत्रकं वाटून झाली. दीडशे वर्षांनी कोण येणार आहे विचारायला?"

"कोणी नाही."

"मग?"

"मी तिला तांडेलीण केलं, आफ्के. ती नव्हती."

आफ्केने उसासा टाकला. "तूच जा वीप्केबाईंकडे. त्या म्हणाल्या बदला, तर बदलू. त्या म्हणाल्या राहू दे, तर तू आयुष्यभर गप्प बसायचं. ते तुला जमतंच."

ओडेवेनमध्ये घरापुढून पाण्याचा चर जातो आणि प्रत्येक घराला जायला आपापली फळी असते. वीप्केबाईंच्या फळीवर तामो मध्येच थांबला. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि त्याला फळीवरून परत फिरून पळावंसं वाटत होतं.

वीप्केबाईंनी कॉफी दिली, डब्यातून एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. दाराच्या खुंटीवर निळा कोट होता, बाहीला अजून दुकानाची चिठ्ठी.

तामोने सांगितलं. यंत्राबद्दल कमी सांगितलं, स्वतःबद्दल जास्त. चूक माझी, पान मी वाचलं नव्हतं.

"मग वहीत काय लिहिलंय तिच्यापुढे?" वीप्केबाईंनी विचारलं. "कामाच्या रकान्यात?"

तामोने वहीच्या पानाचा फोटो आणला होता. त्याने तो टेबलावर ठेवला. बेरेंड, तांडेल. मार्गीन, आणि कामाच्या जागी शाईची एक आडवी रेघ.

वीप्केबाईंनी चष्मा लावला. त्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"रेघ," त्या म्हणाल्या.

"राखणदार बायकांपुढे तसंच लिहायचे. काही काम नाही, असं."

"तामो, वारा पडला की होडी कोण ओढायचं, माहितेय तुला? काठावरून चालत, छातीला पट्टा बांधून? तांडेल वर उभा राहून सुकाणू धरायचा. ओढायची बायको. माझ्या आजीच्या, म्हणजे मार्गीनच्या लेकीच्या, छातीवर वळ होता त्या पट्ट्याचा. न्हाऊ घालताना मी पाहिलाय. बारा वर्षांची होती तेव्हापासून आईबरोबर ओढायची. आणि हा गाढव राखणदार दरवाज्यावर बसून त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी ओढताना बघतोय आणि रेघ मारतोय!"

त्यांचा आवाज चढला होता. तामोने बिस्कीट परत बशीत ठेवलं.

"राहू द्यायची का मग पाटी?" त्याने विचारलं. तेव्हा त्याला मनापासून वाटत होतं, त्यांनी हो म्हणावं.

"तांडेल म्हणून? नाही. ती तांडेल नव्हती. ती ओढायची." त्यांनी चष्मा काढला. "खरी कोण निघाली म्हणालास?"

"त्रीन पोट्स. एकटी होती होडीवर."

"तिची पणती?"

"कोणी नाही. शोधलं मी. लग्न नाही, मूल नाही."

"मग पडदा कोण ओढणार?"

वीप्केबाईंनी खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

"कोट घेऊन झालाय," त्या म्हणाल्या. "मीच ओढते."

शनिवारी वारा होता. मिन्याची पाटी तयार नव्हती, म्हणून रूल्फीनने लाकडाच्या फळीवर रंगवून दिली. 'पोट्स'मधला शेवटचा स जरा दाटीवाटीने बसला होता. आफ्केने भाषणात चूक कबूल केली आणि तामोचं नाव घेतलं, तेव्हा दोनशे माणसांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. वीप्केबाईंनी पडदा ओढला आणि त्रीन पोट्सच्या नावापुढे कोटाची बटणं लावून सरळ उभ्या राहिल्या, तिचं कोणीतरी असल्यासारख्या. परतताना बेकरीच्या रांगेतला तो माणूस तामोला भेटला. त्याने नुसती टोपी नीट केली.

निळी पाटी आफ्केने भंगारात टाकू दिली नाही. ती वीप्केबाईंनी मागून घेतली आणि आपल्या घरापुढच्या फळीच्या कठड्याला तारेने बांधली. फळी दोन मीटरची आहे. नगरपालिकेच्या नकाशात ती नाही, पण टपालवाला आता पत्ता तसाच सांगतो.

सोमवारी तामो कामावर आला, कोट अडकवला आणि कोणी न सांगता एक प्रश्न लिहिला. माणसांच्या आत जा. एकाच माणसापुढे बघ. बाई, आणि कामाच्या जागी रेघ.

नऊ हजार तीनशे सहा नोंदी. उरलेल्यांत बायकांपुढे 'मोलकरीण' होतं, आणि एकीपुढे तांडेल. या वेळी आकडा बरोबर होता, कारण त्याने दहा-वीस नव्हे, दोनशे नोंदी उघडून पाहिल्या. दोनशे रेघा. कुठे जाड, कुठे बारीक, एकदोन ठिकाणी टाक घासून गेलेला. पान सरकवता सरकवता त्याचे डोळे भरून आले, आणि कॉफीच्या यंत्राकडे पाठ करून त्याने ते पुसले.

मग त्याने वीप्केबाईंना फोन लावला आणि आकडा सांगितला.

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं.

"मग पूल कमी पडतील," वीप्केबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.