ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं

आमच्याकडे वॅगन आजारी पडते. चाक तडकलं, स्प्रिंग तुटली, ब्रेकचा दांडा लोंबायला लागला, की तपासणारा माणूस तिच्या अंगावर खडूनं मोठ्या अक्षरात ‘सिक’ लिहितो. मग तिला गाडीतून तोडून सिक लाईनवर उभी करतात आणि आम्ही तिच्याखाली शिरतो. वणीकडच्या कोळशाच्या सायडिंगवर, मालगाड्या भरतात तिथं, माझी नोकरी. इथं एक रीत आहे, ती कुठल्या नियमाच्या पुस्तकात सापडणार नाही. ज्यानं ‘सिक’ लिहिलं त्यानंच ते पुसायचं. दुसऱ्यानं पुसलं आणि पुढं चाक गेलं, तर मान कोणाची धरायची? लिहिणारा रजेवर गेला म्हणून दुरुस्त झालेली वॅगन दोन दिवस तशीच उभी राहिलेली मी पाहिली आहे.

मी बीए आहे. हे मी सांगतो, लपवत नाही. मारेगाव तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. बाप कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्र्या बांधायचा. पदवीवर नोकरी लागेना, म्हणून फिटरचं आयटीआय केलं आणि इथं लागलो. पदवीचा कागद मात्र घरात शिरल्याबरोबर दिसेल असा लावलेला आहे.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं माझी परीक्षा घेतली. मिस्त्री म्हणजे आमच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस. लांब दांड्याचा हातोडा घेऊन तो गाडीच्या कडेनं चालायचा आणि एकेका चाकावर मारत जायचा. चांगलं चाक खणखणतं. तडकलेलं बद्द वाजतं, फुटक्या माठासारखं. त्यानं मला पाठमोरं उभं केलं, आठ चाकं वाजवली आणि विचारलं, चांगलं कोणतं, खराब कोणतं. माझी तीन चुकली.

“कालेजात कान इकून आला काय बे?” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “बारा वर्सं, पंधरा वर्सं शिकला, अन् आयकाले नाई शिकला! ग्रॅजवेट!”

टोळी पोट धरून हसली. त्या दिवसापासून मला नाव उरलं नाही. चहावाला पोरगासुद्धा “ग्रॅजवेट, चाय” म्हणून गिलास पुढं करायचा. चार वर्षं मी ते ऐकलं. माझ्या बापाला ज्या शब्दाचा उच्चार नीट जमत नव्हता पण जो म्हणताना त्याची छाती भरून यायची, तो शब्द या लोकांनी शिवी करून टाकला होता.

चौथ्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट दिसली. मिस्त्री हातोडा मारताना डावा पंजा चाकावर टेकवायचा. आधी तसं करत नव्हता. मी त्याच्या मागं जाऊन म्हटलं, “मिस्त्री, चाय आली.” तो वळला नाही. मी जरा मोठ्यानं एक शिवी दिली. तो पुढच्या चाकावर गेला.

कान गेले होते त्याचे. चाकाचा आवाज तो हातानं ऐकत होता.

रिटायर व्हायला त्याला चौदा महिने उरले होते. कान गेले हे वर कळलं तर हातोडा काढून घेतात आणि ऑफिसात बसवतात. पगार बुडत नाही. पण मिस्त्री नेहमी म्हणायचा, “मी हातोडा घेऊनच रिटायर होईन. टेबलावर बसाले मी का फाईल हाव?”

आठ दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. नोकरीतला तो माझा सगळ्यात सुखाचा आठवडा. त्याच्या मागं उभा राहून मी चार वर्षांचं सगळं बोलून घेतलं. मग टोळीला सांगितलं आणि खेळच सुरू झाला. कोणी त्याच्या पाठीमागून म्हणायचं, “मिस्त्री, तुही म्हैस मेली!” कोणी म्हणायचं, “मिस्त्री, बायको पयाली, धावा!” आम्ही हसायला लागलो की तो आमची तोंडं बघून वळायचा आणि तोही हसायचा. त्याला वाटायचं, आमचं आपसात काही चाललं आहे.

मग नागपूरहून साहेब तपासणीला यायचे होते तो दिवस आला. ऊन असं, की रुळाला हात लागला तर कातडी सोलून निघावी. मिस्त्री वाकून चाकं वाजवत होता. त्याच्या पाठीवरची कोळशाची धूळ झटकतो असं दाखवून मी हात ठेवला आणि त्याच हातातल्या खडूनं त्याच्या निळ्या सदऱ्यावर लिहिलं, ‘सिक’.

“राहू दे बावा,” तो वाकल्या वाकल्या म्हणाला, “पुन्हा भरतेच ते.”

तो तसाच अख्ख्या गाडीच्या कडेनं चालत गेला. साहेब मागून आले, पाठीवरचं वाचलं आणि तेही आधी हसले. “मिस्त्री, तुम्हाला कुणी सिक केलं?”

मिस्त्रीनं पुढचं चाक वाजवलं.

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते हसत नव्हते. त्यांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही रुळांकडं बघितलं.

चाकांची काळजी होती म्हणून केलं, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणणार नाही. त्याच्या पंज्याखालून खराब चाक सुटल्याचं मला तरी माहीत नाही. मला फक्त त्याच्यावर सगळ्यांनी हसायला हवं होतं, माझ्यावर हसले तसं.

त्याला डॉक्टरी तपासणीला पाठवलं. आठवड्यात कागद आला. मिस्त्री ऑफिसात, हातोडा माझ्याकडं. साहेब म्हणाले, शिकलेला आहे, जबाबदारीनं वापरेल.

हातोडा द्यायला मिस्त्री सिक लाईनवर आला तेव्हा अंगात तोच सदरा होता, न धुतलेला. टोळी हातातली कामं टाकून उभी राहिली. बहिऱ्या माणसाचा आवाज चढतो तसा चढलेल्या आवाजात तो म्हणाला, “तुहं अक्षर वयखतो मी, ग्रॅजवेट. वेलांटीले अशी शेपटी आमच्यात कोनी काढत नाई.” हातोडा माझ्या हातात देऊन त्यानं पाठ फिरवली. “ज्यानं लिवलं त्यानंच पुसा लागते. पूस.”

मी चिंध्यांचा बोळा घेतला आणि पुसायला लागलो. खडू सदऱ्यावरच्या तेलात मुरला होता. अक्षरं मोडली, पण पांढरं पसरत गेलं.

“निंघालं का?” त्यानं विचारलं.

“मिस्त्री, माफ करा,” मी म्हणालो. मागूनच म्हणालो. समोर जाऊन म्हटलं असतं तर ओठांवरून कळलं असतं त्याला.

“निंघालं का बे?”

मी त्याच्या समोर गेलो आणि मान हलवली. हो, निघालं.

पाठीवर तो पांढरा फराटा घेऊन तो ऑफिसकडं गेला. टोळीतलं कोणीही त्याला मागून हाक मारून सांगितलं नाही. मारून उपयोगही नव्हता.