यल्लम्माच्या डोंगरावर मी बसले

उचगावात भाताचं रोप लावायला माझ्यासारखी बाई नव्हती, हे मी आजही मान वर करून सांगते. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यातच गावाला ते कळलं होतं. पुढं एकोणीसशे ऐंशीच्या आसपास त्याच अंगाला कसलंसं दुखणं लागलं. मानेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं ठणकायचं. रात्रभर झोपूनही सकाळी कुणी बडवून काढल्यासारखं वाटायचं. बांगड्या भरताना कासारणीनं मनगट दाबलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला, रक्त तपासलं आणि "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवलं. ते वाक्य माझ्याआधी गावात पोचलं. कामचुकार, ढोंगी, असं बाया हळूच बोलू लागल्या. दुखणं मी सोसलं असतं, पण हा शब्द मला सोसवेना. देव आहे की नाही, असंही मनात येऊ लागलं.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायचे. त्या म्हणाल्या, "यल्लम्माला दंडवताचा नवस बोल गं. औषधानं न्हाय तर तिच्या पायाशी तरी सुटंल." मी बोलले. खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा रागच जास्त होता. तिचा सौंदत्तीचा डोंगर लोटांगण घालत चढले, की मला आळशी म्हणायची कुणाची छाती होते तेच बघायचं होतं.

माघातल्या पुनवेला आम्ही गेलो. ओल्या लुगड्यानं आडवं पडायचं, हात पुढं ताणायचे, बोटं टेकतील तिथं आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, काठीनं रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. एकदा सुरू केलं की पोचेपर्यंत बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाहीतर नवस मोडतो, अशी आमच्या घरची रीत. अर्ध्या वाटेत माझे हातच उचलेनात. मालक घाबरले. "उरल्यालं मी घालतो. चालतंय तसं," म्हणाले. मी नको म्हटलं. तोंड धुळीत होतं आणि मी देवीला विचारत होते, आई, तूसुद्धा मला ढोंगीच म्हणतेस का?

तेवढ्यात खांद्यावर एक हात आला. माझ्याहून मोठी बाई, तीही ओल्या लुगड्यात, कपाळभर भंडारा. "साकु यव्वा, कुंद्र," म्हणाली, म्हणजे पुरे गं बाई, बस. माझी बोटं टेकली होती तिथं तिनं एक दगड ठेवला आणि मला धरून लिंबाच्या सावलीला नेलं. बसले तर नवस मोडतो, असं मी रडत रडत सांगितलं. ती कन्नडमध्ये जे बोलली ते मला आपल्याच बोलीत आठवतं. "दगड जागा राखतोय. आई काय एष्टी हाय व्हय, सुटून जायला? मीबी अशीच बसत बसत चाललीया." तिनं गूळ दिला, पाणी दिलं. कुणी बस म्हटलं आणि मी बसले, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मग उठले, थोडे दंडवत घातले, पुन्हा दगड ठेवून बसले. दिवस कलायच्या वेळी मी देवळाच्या दारात होते. उरलेला एकही दंडवत मालकांना घालावा लागला नाही. त्या बाईला खूप शोधलं, दिसली नाही. ती कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

दुखणं काही गेलं नाही. घरी मी तसंच थांबत थांबत काम करू लागले, पण चोरून, घरामागच्या परड्यात कुणाला दिसणार नाही असं बसून. काही वर्षांनी बेळगावात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. मान, खांदे, कंबर, गुडघे, जिथं जिथं त्यांनी बोट दाबलं तिथं मी कळवळले. "आक्का, हे खरं दुखणं आहे. फोटोत दिसत नाही एवढंच," त्या म्हणाल्या. तेव्हा त्याला त्यांनी फायब्रोसायटिस म्हटलं. आता फायब्रोमायल्जिया म्हणतात. रोज थोडं चाला, ऊन पाण्यानं शेका, झोपेची वेळ मोडू नका, बरं वाटलं म्हणून चार दिवसांचं काम एका दिवसात उपसू नका, आणि थकायच्या आधी थांबा. मला हसू आलं. "हसता का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "ह्यातलं निम्मं मला डोंगरावरच सांगून झालंय."

शरण जायचं म्हणजे हरायचं, असंच मी समजत आले होते. आईनं मला हरवलं नाही, नुसतं खाली बसवलं. त्या उपकारातून मी उतराई होणार नाही, आणि मला व्हायचंही नाही.

डॉक्टरीणबाई भेटल्या त्याच वर्षी आषाढात रोपलावणीला मी सगळ्यांच्या बरोबरीनं ओळीत उभी राहिले. माझी लावणी अजूनही दोरी धरल्यासारखी सरळ येत होती. दोन-तीन ओळींच्या पाती लावून झाल्या आणि मी बाहेर पडून सगळ्यांच्या देखत बांधावर बसले. शेजारच्या शेतातली एकजण हसत म्हणाली, "दमलीस व्हय गं एवढ्यात?"

"न्हाय," मी म्हटलं. "दमायच्या आत बसलीया."

मी घोटभर पाणी प्याले, आईला मनातून हात जोडले आणि पुन्हा चिखलात उतरले.