तेल ठरेपर्यंत

कोणतेही तेल मोटारीत घालण्याआधी आप्पा वकील ते स्वतःच्या गुडघ्यांना चोळून बघत. हे मी ऐकीव सांगत नाही, त्या गुडघ्याला कान लावून सांगतो आहे. निपाणीला मास्तरकी मिळाली तेव्हा मी आप्पांच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो. पहिल्याच रविवारी त्यांनी मला खाली बोलावले, धोतर मांडीपर्यंत सारले आणि मोटारीसमोर उठाबशा काढत म्हणाले, "मास्तर, कान लावा की. वाजतंय का न्हाय तेवढं सांगा." मी बेळगावजवळच्या वडगावचा. हातमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला एका गुडघ्याचे काय? मी कान लावला. उजवा वाजत होता. आप्पांनी ते तेल बाद केले.

मोटार बेळगावच्या कॅम्पातल्या एका कप्तानाची. विलायतेला परत जाताना त्याने ती विकायला काढली आणि आप्पांनी घरात कोणालाही न विचारता घेऊन टाकली. दोनच माणसांची, हिरवी, शर्यतीत पळवायच्या जातीची. पुढचे नाक लांबलचक आणि त्यावर कातडी पट्टा आवळलेला. उमेदीत तिने भल्याभल्यांना मागे टाकले होते म्हणे, पण आता तिचे उतारवय सुरू झाले होते. कप्तानाच्या ड्रायव्हरने ती आप्पांच्या दारच्या छपराखाली आणून उभी केली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि जाता जाता सांगितले, की इंजिन झिजलेले आहे, तेल तेवढे विचार करून घाला. हे त्याने एखाद्या सोनाराला सांगितले असते तर निभावले असते. वकिलाला विचार करायला सांगितले आणि तिथेच सगळे बिघडले.

आप्पांनी तेलाचा दावाच उभा केला. दर रविवारी घराच्या पुढच्या सोप्यात सुनावणी असे. कोल्हापूरच्या मिस्त्रीचे म्हणणे, जुन्या इंजिनात फटी पडलेल्या असतात, तिथे दाट तेलच टिकते. पेट्रोलवाल्याचे म्हणणे, थंडीच्या सकाळी दाट तेल वर चढेपर्यंत इंजिन कोरडेच घासले जाते, तेव्हा पातळच बरे. पलटणीतून परत आलेल्या एका सुभेदाराने शपथेवर सांगितले, की शर्यतीच्या मोटारी एरंडेलावर पळतात. हे खरे होते आणि म्हणूनच फार वाईट झाले. एरंडेल इंजिन तापल्यावर उत्तम, पण मोटार पडून राहिली की आत चिकट होऊन बसते. आणि आप्पांची मोटार पडून राहण्यापलीकडे काहीच करत नव्हती. सगळ्यांचे ऐकून घेतले की आप्पा चष्मा पुसत आणि पुढची तारीख देत. "खालच्या कोर्टात घाई केली की वरच्या कोर्टात रडत बसायचं," असे ते म्हणत.

गुडघ्यांची कल्पना या सुनावण्यांतूनच निघाली. माणसाचे आणि मोटारीचे आयुष्य नीट हिशेबात धरले तर आपण आणि ती एकाच वयाची ठरतो, असे त्यांनी मला एकदा पटवून दिले होते, आणि मला ते पटलेही होते, याची आज लाज वाटते. तेव्हापासून प्रत्येक तेलाला गुडघ्यावर आठवडाभर मुदत मिळू लागली. पातळ तेलाच्या आठवड्यात आप्पा भराभर चालत, दाट तेलाच्या आठवड्यात बाजारातून यायला त्यांना दुपार होई. एरंडेलाच्या आठवड्यात चिकोडीच्या कोर्टात ते युक्तिवादाला उठले, पण धोतर उठेना. ते खुर्चीला चिकटून बसले होते. आप्पांनी उरलेला युक्तिवाद बसून करण्याची परवानगी मागितली आणि तो दावा जिंकलेही. मग दोन दिवस ते एरंडेलाच्या बाजूने झुकले होते.

धोतरांचे ते डाग रिठे लावून घासायचे काम आक्कांचे. आक्का म्हणजे आप्पांची बायको. सदलग्याची मुलगी, बोलणे कमी आणि बोलल्या की पुन्हा विचारायची सोय नाही. या सगळ्या तेलाच्या वेडात भरडले कोण जात असेल तर त्या.

झाले असे होते, की मोटार घेतली त्या वर्षी आप्पांनी सासुरवाडीला निरोप धाडला, दिवाळीला लेक-जावई मोटारीने येतात. सासरे हौशी माणूस. त्यांनी सदलग्याच्या वेशीत तोरण बांधले, वाजंत्री बसवली, गाव गोळा केला. दिवस मावळेपर्यंत वाजंत्री वाजली. मोटार आली नाही, कारण तेल ठरले नव्हते. जावयासाठी आणलेला हार म्हाताऱ्याने शेवटी वाजंत्रीवाल्याच्या गळ्यात घातला आणि निपाणीला उलटा निरोप पाठवला, आता याल तर मोटारीनेच या, नाहीतर येऊ नका. तेव्हापासून आक्कांचे माहेर बंद झाले. दर दिवाळीला त्या करंज्यांचा डबा सदलग्याला जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवत, आणि आई त्याच डब्यातून नवऱ्याच्या नकळत गूळ पाठवी. मायलेकींची भेट काय ती एवढीच. एकट्याच जाऊन का येत नाही, असे मी एकदा विचारले, तर म्हणाल्या, "मला एकटीला कुठं बोलावलंय? जोडीनं बोलावलंय." बाप आणि लेक एकाच मातीची होती.

मग लढाई सुरू झाली आणि पेट्रोल-तेल मिळेनासे झाले. निपाणीतल्या यच्चयावत मोटारवाल्यांची तोंडे उतरली. आप्पा मात्र त्या दिवसांत जरा तुकतुकीतच दिसत. मला ते नवल वाटे, पण खोलात जायला मला तरी कुठे वेळ होता?

अशी पाच-सहा वर्षे गेली असतील. तंबाखूच्या दिवसांत एका सकाळी आक्कांचा भाऊ बैलगाडी घेऊन दारात आला. आईने अंथरूण धरले होते आणि रोज थोरल्या लेकीचे नाव घेत होती. वडील हट्ट सोडायला तयार नव्हते. भाऊ म्हणाला, गाडीत बसा, वडिलांकडे मी बघतो. आक्का चुलीपुढून उठल्या, हात पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तेल ठरवा," त्या म्हणाल्या. "आज."

आप्पा बाटल्यांच्या फळीपाशी गेले. एक बाटली काढली, ठेवली, दुसरी काढली. मला वाटले, आता हा माणूस गुडघा उघडा करणार आणि आक्का घर सोडून जाणार. पण आप्पा तसेच रिकाम्या हाताने वळले. त्यांच्या तोंडावर कोर्टातले तेज आले होते.

"मामांचा निरोप काय हाय, मास्तर? मोटारीनं या. इंजिन चालू करून या, असं कुठं म्हणालेत?"

मेव्हण्याच्या गाडीचे बैल सोडून मोटारीला जुंपले. आप्पा काळा कोट आणि पगडी घालून स्टिअरिंगच्या चाकामागे बसले, आक्का शेजारी, भाऊ कासरा धरून पुढे आणि मी माझ्या सायकलवरून मागे. अशी ती शर्यतीची मोटार निपाणीबाहेर पडली. बोरगावात लोक जेवता जेवता हातातला घास तसाच धरून बाहेर आले. आप्पा सगळ्यांना नमस्कार करत होते आणि भोंगा वाजवत होते.

बोरगाव सोडल्यावर एका वळणावर बैल डावीकडे गेले आणि आप्पांनी चाक उजवीकडे फिरवले. मोटार निवडुंगात शिरली. ती बाहेर काढली तर पुढच्या उतारावर ती बैलांच्या अंगावर जाऊ लागली. आप्पांनी पायांखाली होते नव्हते ते सगळे दाबून पाहिले, भोंगासुद्धा दाबला. तेव्हा आक्कांनी वाकून बाजूचा दांडा ओढला आणि मोटार थांबली. तिथून पुढे मला मागून स्पष्ट दिसत होते, की पदराखालून आक्कांचा एक हात चाकावर आहे आणि मोटार तो हात नेईल तिकडे जाते आहे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांना मोटार चालवताच येत नव्हती. कधीच येत नव्हती.

सदलग्याच्या वेशीत सासरे काठी टेकून उभे होते. त्यांनी मोटारीकडे बघितले, मग बराच वेळ बैलांकडे.

"बैल आमचंच दिसत्यात," ते म्हणाले.

"मोटार आमची हाय, मामा," आप्पा म्हणाले.

म्हाताऱ्याने यावर विचार केला. मग काठी उचलून तो रस्त्याच्या कडेला सरकला आणि त्याने वाट दिली.

आई हाडांची मोळी झाली होती. लेकीला बघून ती रडली, आणि रडणे झाल्यावर तिने मोटारीत बसायचा हट्ट धरला. तिला उचलून आप्पांच्या शेजारच्या जागेत बसवले, आणि आप्पा आपण होऊन खाली उतरले. आक्का चाकामागे बसल्या. मायलेकींनी बैल जोडलेल्या मोटारीतून सगळ्या गावाला फेरी मारली. मागून सासरे आणि जावई धुरळा खात चालले होते. चावडीपर्यंत ते एकमेकांशी बोलले नाहीत. चावडीपुढे सासऱ्यांनी विचारले, तेल कोणते घालता? आप्पांना मग घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही.

आक्का आईच्या सेवेला तिथेच राहिल्या. आई महिनाभरात गेली, ती त्यांच्या मांडीवर.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी माझी बदली बेळगावला झाली. निघायच्या दिवशी आप्पा कोर्टात गेले होते. आक्कांनी मला चहा दिला आणि इतकी वर्षे मनात ठेवलेला प्रश्न मी विचारून टाकला. त्यांना मोटार येत नाही, हे तुम्हाला कधी कळले?

"पहिल्याच दिवशी," आक्का म्हणाल्या. "डायवरनं किल्ली दिली तवा त्यांचं त्वांड उतरलेलं बगितलं की मी. म्हणून तो जायच्या आत त्याला इचारून घेतलं, हे कसलं, ते कसलं. म्हटलं, एकाला तरी ठावं असू दे."

मला राग आला. आक्कांसाठी आला, आणि आक्कांवरही आला. एवढी वर्षे आई वाट बघत होती. एक शब्द नवऱ्याला बोलल्या असत्या तर तेलाचे सोंग त्याच दिवशी संपले असते. मी तसे बोलूनही दाखवले.

आक्का माझ्यासमोरची कपबशी उचलून उभ्या राहिल्या.

"बोलले असते तर गावापुढं त्यांची मान खाली गेली असती. आणि आता बोलले, तर माझ्या आईची ती वर्सं कशापायी गेली ते त्यास्नी कळंल. सोंग करता करता त्यांना सवतालाच खरं वाटाय लागलंय, तेलापायी उशीर झाला. तसंच वाटू द्या, मास्तर."

संध्याकाळी आप्पा मला मोटार-स्टँडवर पोचवायला आले. आम्ही पाऊसपाण्याचे बोललो, त्यांच्या दाव्यांचे बोललो. दुसरे मी काही बोललो नाही.