तांबडीची तहकूब सभा

आमच्या सौभाग्यवतींचे मामा हे बालाघाटाच्या डोंगरापासून गोदाकाठापर्यंतच्या सगळ्या मुलखातले असे एकमेव गृहस्थ आहेत, की जे तांबड्या वाइनचा घोट घेण्याआधी ताटात काय वाढलंय ते विचारतात. आमच्या बीड जिल्ह्यात पिणारे कमी नाहीत आणि जेवणारे तर त्याहून जास्त. पण पिणारा ताटाकडे बघत नाही आणि जेवणारा बाटलीकडे बघत नाही, निदान चारचौघांत तरी नाही. या दोन जमाती मामांनी एका सतरंजीवर आणून बसवल्या. त्यापायी त्यांची स्वतःची पंगत मात्र मोडली, आणि ती पुन्हा जुळावी म्हणून या माणसाने काय काय उद्योग केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

मामा धारूरचे. उभी हयात सहकारी सोसायटीचे गटसचिव म्हणून गेली. चार-पाच गावांची दप्तरं मोटारसायकलला बांधून घाट चढायचा आणि उतरायचा. सहकार अंगात इतका भिनलेला, की घरात भाजी कोणती करायची यालाही ते सूचक आणि अनुमोदक मागायचे. शेजारी राहणारे एसटीचे निवृत्त कंडक्टर शपथेवर सांगतात, की स्वतःच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपल्यावर मामा 'सर्वानुमते मंजूर' असं पुटपुटले होते. मामा हे नाकबूल करतात, पण फार जोर लावून करत नाहीत.

तांबडीची गाठ पडली ती सोसायटीच्या अभ्यासदौऱ्यात. ठिबक सिंचन बघायला म्हणून सभासदांची बस नाशिककडे गेली, ठिबक पाच मिनिटांत बघून झालं, आणि पुढे एका द्राक्षमळ्यात सगळ्यांच्या हातात दोन-दोन घोटांचे पेले आले. चेअरमननी एका दमात पेला रिकामा करून 'सोडा कुठंय' असं विचारलं. दोघांनी शेंगदाणे मागितले. मामा तेवढे पेला उजेडाकडे धरून उभे राहिले. मळ्यातला मुलगा सांगत होता, की वेलीला पाणी फार झालं तर फळ फुगतं आणि रस पुळचट होतो. तिला तहानेनं थोडं तडफडू दिलं, तर तांबडी घट्ट उतरते. मामांनी हे ऐकलं आणि ते गप्प झाले ते थेट नगर येईपर्यंत. नगरच्या स्टँडवर चहा पिताना त्यांनी दौऱ्यात बरोबर आलेल्या कंडक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजी आपला जिल्हाच तांबडीसाठी जन्माला आलाय बे! आपल्याइतकं तडफडलंय कोण?"

मामांनी वेल काही लावला नाही, कारण लावायला जमीन होती तरी पाजायला पाणी नव्हतं, आणि वेलीनं नुसतंच तडफडून भागत नाही. पण निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी सातला त्यांच्या ओसरीवर 'सभा' भरू लागली. सभासद तिघे: मामा, कंडक्टर आणि मी. मी तेव्हा बीडला नोकरीला होतो आणि शनिवारी धारूरची एसटी पकडायचो. मामींनी केलेल्या स्वयंपाकाबरोबर कोणती तांबडी जाते याचा निर्णय व्हायचा आणि तो सोसायटीच्या जुन्या प्रोसिडिंग बुकात लिहिला जायचा. 'चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरितासोबत शिराज घेण्यास ही सभा मंजुरी देत आहे.' 'मिरचीच्या ठेच्यासोबत कोणतीही तांबडी घेऊ नये, जीभ आणि बाटली दोन्ही वाया जातात.' 'उडदाच्या घुट्याचा विषय पुढील सभेपर्यंत राखून ठेवण्यात यावा.' सूचक मामा, अनुमोदक मी. कंडक्टरांचा अभिप्राय प्रत्येक बाटलीला एकच असायचा: "चांगली हाय, पण कमी हाय." तो मामा इतिवृत्तात घ्यायचे नाहीत.

कधी माझी एसटी घाटात बंद पडायची, कधी कंडक्टर लेकीकडे गेलेले असायचे. मग गणपूर्ती व्हायची नाही. अशा वेळी मामा घड्याळ बघून सभा अर्धा तास तहकूब करायचे, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा पुन्हा भरवायचे. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असा नियमच आहे. मग ते एकटेच ठराव मांडायचे, एकटेच चर्चा करायचे, आणि एकदा तर त्यांनी स्वतःच्या ठरावाला स्वतःच विरोध नोंदवला होता.

दुष्काळाच्या वर्षी या सभेला निराळाच रंग चढला. गावात टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. मामांचा निरोप यायचा, "जावईबापू, येताना पाण्याची बाटली घेऊन या. तांबडीचं मी बघतो." बीडच्या स्टँडवर मी पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन उभा असायचो आणि लोकांना वाटायचं, बिचारा आजाऱ्याकडे चाललाय. पेले धुवायला मामींनी फक्त एक तांब्या मंजूर केला होता. ते धुवण तुळशीला चालणार नाही असं त्यांनी निक्षून सांगितल्यामुळे ते परसातल्या शेवग्याला जायचं. त्या वर्षी शेवग्याच्या शेंगा वाकड्या आल्या, असं कंडक्टर अजूनही म्हणतात.

बाटल्या ठेवायच्या कुठे हाही प्रश्नच होता. धारूरच्या उन्हाळ्यात माठातलं पाणी कोमट होतं, तिथे तांबडीची काय कथा. मामांनी विचार करकरून तीन बाटल्या ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या पोटात आडव्या पुरल्या. हा ठराव त्यांनी एकट्यानं केला होता आणि तेच चुकलं. मामी दळणासाठी मापटं घेऊन आल्या, त्यांनी कोठीत हात घातला आणि हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. "अगं बाई, कोठीत जनावर हाय!" म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, त्यासरशी अर्धी गल्ली काठ्या घेऊन आत शिरली. आमच्याकडे जनावर म्हणजे साप. ज्वारी उपसली गेली आणि सगळ्यांच्या देखत एकामागून एक तीन बाटल्या बाहेर आल्या. काठ्या खाली गेल्या. कुणीतरी म्हणालं, "बिनविषारी हाय, सोडा." मामा दारात उभे राहून छताकडे बघत होते.

लोक हसून घरी गेले, पण मामी हसल्या नाहीत. मामी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मटण-मच्छी नाही. त्यांच्या हातची येसर आमटी किंवा कुळथाचे शेंगोळे खाल्ले, की वाटायचं या बाईनं मसाल्यांवर काहीतरी मंत्र टाकलाय. या दोघांचा एक रिवाज होता. मामा वसुलीहून, सभेहून कितीही उशिरा येवोत, मामी थांबायच्या आणि दोघं समोरासमोर बसूनच जेवायचे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या घरात ताटं दोनच असायची, आणि ती समोरासमोरच मांडलेली असायची. घरात पहिली बाटली आली त्या दिवशी मामींनी मामांचं ताट ओसरीवर वाढलं, आपलं आत स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, "बाटली पंगतीला असंल तर मी न्हाई."

मामा म्हणाले, "अगं, मी काय शेण खातोय का? वाटीभर घेतो, ती बी आठवड्यातून एकदा."

"आठवड्यातून एकदा वाटीभर खाल्लं तरी शेण ते शेणच ऱ्हातंय," मामी आतून म्हणाल्या.

शनिवारी वाटी, पण रुसवा आठवडाभर. दोघंही हट्टी. शहाणा माणूस अशा वेळी बाटली सोडतो. मामांनी अशी समजूत करून घेतली, की चूक बाटलीची नसून निवडीची आहे. मामींच्या स्वयंपाकाच्या तोलाची तांबडी अजून मिळाली नाही, म्हणून त्या रागावल्यात; ज्या दिवशी ती मिळेल, त्या दिवशी त्या ताट घेऊन बाहेर येतील. अंबाजोगाईहून, बीडहून, कुणी पुण्याला गेला तर तिथूनही बाटल्या यायच्या. प्रत्येक नव्या बाटलीचा पहिला घोट घेऊन मामा दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, "येसर आमटीला आज लई इमानदार जोड मिळाली बरं का!" आतून फक्त फरशीवर ताट सरकल्याचा आवाज यायचा, आणि तो आला की मामांचा घास तोंडाशी थांबायचा. मला त्या वेळी त्यांची फार दया यायची, आणि खरं सांगायचं तर मामींची जास्त.

मग तापाची ती साथ आली. सगळ्या गावाच्या तोंडाची चव गेली, नाकाचा वास गेला, आणि पंधरा-वीस दिवसांनी परतही आला. मामांचा आला नाही. पहिल्याच शनिवारी त्यांनी नवी बाटली उघडली, पेल्यात नाक खुपसलं, पुन्हा खुपसलं आणि पेला कंडक्टरांपुढे सरकवला. "पाणी हाय बे हे." कंडक्टरांनी तो पिऊन टाकला, पण 'कमी हाय' असं काही म्हणाले नाहीत. पुढे मामांचं जेवणही सुटलं. भाकरी माती लागते म्हणायचे, आमटी गरम पाणी लागते म्हणायचे. दोन महिन्यांत सदऱ्यात माणूस शोधावा लागेल असे झाले. प्रोसिडिंग बुक कोनाड्यात गेलं.

अशाच एका शनिवारी आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. मामांच्या पुढ्यात शेंगोळ्यांचं ताट तसंच निवत होतं. मामी वाढायला आल्या, ताटाकडे बघून उभ्या राहिल्या, आत गेल्या, आणि आपलं ताट घेऊन बाहेर आल्या. मामांच्या समोर पाट ओढून बसल्या. कंडक्टरांचा आणि माझा घास हातातच राहिला.

"ती कोनाड्यातली बाटली खोला," मामी मला म्हणाल्या.

"मामी, तुमची माळ…"

"वास घेतल्यानं माळ बाटत न्हाई. महाराजांना इचारून आलेय मी."

म्हणजे त्या विचारायला गेल्या होत्या. मामी पेला नाकाशी धरून बराच वेळ डोळे मिटून बसल्या. "जांभळं," त्या म्हणाल्या. "झाडाखाली पडून पिकलेली. आन् मागून आपल्या गोदामात पोती भिजलती बघा, तसला वास. आता शेंगोळ्याचा सांगते. लसूण लई हाय, हिंग थोडा कमी पडलाय, तीळ मी जरा करपवलेत आज. खा आता."

मामांनी एक घास घेतला. मग दुसरा. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि कोनाड्यातलं पुस्तक मागवलं. "सूचक म्हणून तुझं नाव घालतो."

"माझं नाव दारूच्या वहीत घालायचं न्हाई."

मामांनी पेन थांबवलं, विचार केला आणि लिहिलं, 'सूचक: सोसायटीच्या एक हितचिंतक.'

पुढे चार-पाच महिने मी जे पाहिलं, त्याला तोड नाही. ज्यांनी उभ्या जन्मात थेंब चाखला नाही त्या मामी नुसत्या वासावर सांगायच्या, "ही वांग्याला चालंल, पिठल्याला न्हाई. हिच्यात चिंचेचा आंबूसपणा हाय." दोघांची ताटं पुन्हा समोरासमोर आली. मामा भरले, हसू लागले, कंडक्टरांचा 'कमी हाय' परत ऐकू येऊ लागला. आणि एकदा मला एसटीवर सोडायला आलेले मामा स्टँडच्या भिंतीशी थांबले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "जावईबापू, वास परत आलाय. पोळ्याच्या दिवशीच आला. पुरणात जायफळ होतं, एकदम नाकात घुसलं."

"अहो, मग मामींना सांगा की!"

"कशापायी?" मामा माझ्यावर जवळजवळ खेकसले. "येडे हाव का तुमी? सांगितलं तर ताट उचलून आत जाईल ती."

मग माझी लातूरला बदली झाली. निघण्याआधीच्या शेवटच्या सभेला मामींनी माझ्यासाठी पुन्हा शेंगोळे केले होते. फोडणीला तेल-लसूण टाकून त्या परसदारी शेजारणीनं हाक मारली म्हणून गेल्या. मामा पेला हातात घेऊन मला लातूरच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत होते. बोलता बोलता त्यांनी एकदम मान वर केली आणि परसाकडे ओरडले, "अगं, लसूण जळतोय!"

ओरडल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. कंडक्टर ताटातल्या मिठाकडे बघू लागले. मामी धावत आल्या, गॅस बंद केल्याचा आवाज आला. मामी ताट घेऊन दारात आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते. आता या वळणार आणि आत जाणार, असं मला अगदी नक्की वाटलं, आणि उद्यापासून आपण इथे नसणार याचं त्या क्षणी फार वाईट वाटलं.

मामींनी ताट मामांच्या समोर ठेवलं, पाटावर बसल्या, त्यांच्या हातातून पेला काढून घेतला आणि नाकाशी धरला.

"सांगू का, कसला वास येतोय?"

"सांग," मामा म्हणाले. "मला कुठं काय कळतंय?"